चित्रपट हाच प्रबंध होऊ शकतो का?

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या पुराच्या स्मृतींवर पीएच.डी.साठी प्रायोगिक चित्रपट करण्याचा माझा विचार आहे. ‘ही कलाकृती झाली, यात संशोधन कुठे आहे?’ असे मार्गदर्शक विचारतात. त्यांना काय सांगावे?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे. ‘लोकांना पूर कसा आठवतो’ एवढेच शोधायचे असेल, तर मुलाखती आणि वही पुरे. कॅमेऱ्याची गरज नाही. कॅमेऱ्याशिवाय सुटणार नाही असा प्रश्न आधी हाती हवा. उदाहरणार्थ, भिंतीवरची पाण्याची रेघ रंगाखाली गेल्यावर घरातली माणसे पुराची उंची कशाने दाखवतात? कोणी ‘इथवर’ म्हणत कमरेशी हात नेईल, कोणी स्विचबोर्डाकडे बोट करील, आणि एकाच घरातल्या दोघांचे हात वेगवेगळ्या उंचीवर थांबतील. लेखी मुलाखतीत उरतो तो नुसता ‘इथवर’ हा शब्द. हाताची उंची आणि तो उचलण्याआधीचा थबका चित्रणातच सापडतो.

फ्रेंच चित्रपटकार जाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी १९६० मध्ये पॅरिसच्या रहिवाशांवर केलेले चित्रण त्याच रहिवाशांना दाखवले आणि त्यावर झालेला वाद चित्रपटातच ठेवला. आपणही कच्चे चित्रण वस्तीत दाखवावे, कारण दोन हातांच्या उंचीतला फरक घरचेच लोक कसा समजावून सांगतात, यात स्मृतीविषयीचा खरा ऐवज असेल.

परिसरालाच फिल्मवर उमटू देण्याची रीतही आहे. जपानी प्रायोगिक चित्रपटकार तोमोनारी निशिकावा यांनी जून २०१४ मध्ये, २०११ च्या अपघातात किरणोत्सर्ग झालेल्या जपानमधील फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पापासून सुमारे २५ किलोमीटरवर ३५ मिमी निगेटिव्ह रात्रभर पाचोळ्याखाली पुरून ठेवली आणि तीच डेव्हलप करून चित्रपट केला. नागनदीच्या पाण्यात फिल्म भिजवण्याचा मोह आपल्यालाही होईल. मात्र स्वच्छ पाण्यात तितकाच वेळ ठेवलेली तशीच दुसरी पट्टी शेजारी नसेल, तर हाती येतील ते केवळ देखणे डाग. आणि पट्टी असली तरी कोणते प्रदूषक कशाला कारणीभूत, हे डाग सांगणार नाहीत, ते काम प्रयोगशाळेचे.

कोणता शॉट का घेतला आणि कोणता का वगळला, याची तारीखवार नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. संकलनानंतर आठवून लिहिलेली कारणे परीक्षक सहज ओळखतात. चित्रपटासोबत लेखी भाग किती लागेल, हे विद्यापीठाकडून नोंदणीपूर्वीच लेखी घ्यावे; तोंडी होकारावर विसंबू नये.