मार्क मुलाचे की आईचे?

‘मुलगा सोळा वर्षांचा आहे. नवव्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या अवस्थेचं) निदान झालं. गोळी नियमित चालू आहे, मार्कही चांगले आहेत. पण पुढे याचं कसं होणार, या विचाराने झोप लागत नाही.’ असं परदेशात राहणाऱ्या एका आईने कळवलंय. पत्राच्या मध्येच आणखी एक वाक्य आहे: ‘सकाळी उठवण्यापासून असाइनमेंट अपलोड झाली का हे बघण्यापर्यंत सगळं मीच करते.’

ताई, पत्रातली खरी काळजीची गोष्ट ही आहे. परदेशात आपल्या हाताशी घरची चार माणसं नसतात. मुलाचं सगळं वेळापत्रक एका आईच्या डोक्यात मावतं आणि ती कॉलेजच्या वसतिगृहात बरोबर जात नाही.

‘मोठा झाला की जाईल ना?’ असंही तुम्ही विचारता. अमेरिकेतल्या ‘एमटीए’ नावाच्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या 7 ते 9 वर्षांच्या 579 मुलांवरच्या उपचारांची तुलना झाली आणि पुढे 16 वर्षं त्यांचा पाठपुरावा केला गेला. लक्षणं जाऊन पुन्हा आलीच नाहीत, अशी मुलं साधारण दहात एक निघाली. जवळपास 64 टक्के मुलांची लक्षणं मधली काही वर्षं ओसरली आणि नंतर परत आली. म्हणजे बरी वर्षं येतील, अवघडही येतील आणि अवघड वर्षी तो बहुधा तुमच्यापासून लांब असेल. लहानपणी निदान झालेल्या मुलग्यांच्या 33 वर्षांच्या दुसऱ्या एका पाठपुराव्यात त्यांचं शिक्षण इतरांपेक्षा सरासरी अडीच वर्षांनी कमी भरलं. हुशार मुलंही यातून सुटत नाहीत, कारण कॉलेजात अभ्यासाइतकंच वेळेवर उठणं, सुरुवात करणं आणि फॉर्म भरणं लागतं.

म्हणून माझा आग्रह एकच: घर सोडायच्या दोन वर्षं आधीपासून एकेक काम त्याच्या हाती द्या. एका वेळी एकच, आणि प्रत्येकाला सहा ते आठ आठवडे.

आधी उठणं. दोन अलार्म, दुसरा खोलीच्या पलीकडच्या टोकाला. तुम्ही हाक मारायची नाही. शाळेला उशीर होईल, होऊ द्या. दहावीत उशिराचा शेरा परवडतो, परीक्षेच्या दिवशी वसतिगृहात झोपून राहणं नाही. काही आठवड्यांनी तो अलार्म त्याला ऐकूच येईनासा होईल. हा आळस नव्हे, नावीन्य संपलं की या मेंदूचं लक्ष त्यावरून उडतं. आवाज बदला, जागा बदला.

मग गोळी. सात कप्प्यांची डबी, रविवारी त्याने भरायची, ठेवायची टूथब्रशजवळ. दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीचा असर दहा-बारा तास राहू शकतो. सकाळची चुकली म्हणून दुपारी घेतली की रात्रीची झोप जाते आणि दुसरी सकाळही बिघडते. चुकली तर काय करायचं, हे डॉक्टरांना त्यानेच विचारून ठेवावं. ही औषधं कायद्याने नियंत्रित असल्याने फार्मसी ती सहसा वेळेच्या फार आधी देत नाही. सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की फोन करायचा, हे त्याच्या कॅलेंडरवर असू द्या. मित्राला एकही गोळी द्यायची नाही, तो गुन्हा ठरतो, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

असाइनमेंट शेवटी, कारण ते सगळ्यात कठीण. एडीएचडीत ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच काळ जाणवतात. तीन आठवड्यांनंतरची तारीख दुसऱ्यात जाते आणि आदल्या रात्रीपर्यंत तिथेच राहते. म्हणून प्रत्येक कामाला दोन तारखा हव्यात, द्यायची आणि सुरू करायची. सुरुवात फक्त पंधरा मिनिटांची: फाइल उघडून शीर्षक लिहिणं पुरे. रविवारी वीस मिनिटं बसा. तो आठवडा सांगेल, तुम्ही ऐकायचं.

हे फसतं ते बहुतेक वेळा आपल्यामुळे. एका सत्रात मार्क घसरले की आई सगळं परत हातात घेते. किंवा काम सोपवते आणि दिवसातून पाचदा आठवण करते. आठवण तुम्हीच करत असाल, तर काम अजून तुमच्याकडेच आहे. आमच्या घरातही एडीएचडी आहे आणि जबाबदारीवरच्या भाषणापेक्षा भिंतीवरचा फळा जास्त उपयोगी पडतो, हे मी खात्रीने सांगते.

कागदपत्रांचं वर्षभर आधी बघा. अठराव्या वर्षानंतर बालरोगतज्ज्ञ सहसा बघत नाहीत, प्रौढांच्या क्लिनिकमध्ये प्रतीक्षायादी लांब असते आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय अनेक ठिकाणी कॉलेज किंवा डॉक्टर तुमच्याशी बोलणार नाहीत. निदानाचा रिपोर्ट आणि आजवरच्या डोसची नोंद त्याच्याजवळ हवी. परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर कॉलेज अलीकडची चाचणी मागू शकतं.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. गोळीचं व्यसन? डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने पुढे व्यसनाचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. नातेवाइकांना सांगावं का? मुलाला विचारा, गोष्ट त्याची आहे. गाडी? शिकू द्या, पण गोळीचा असर असतानाच. अमेरिकेत 23 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा औषध घेतलेल्या महिन्यांत पुरुषांचे अपघात 38 टक्क्यांनी आणि स्त्रियांचे 42 टक्क्यांनी कमी होते. संध्याकाळी असर उतरल्यावर, त्यात मित्र गाडीत असताना, पहिलं वर्षभर तरी किल्ली देऊ नका.