चोक ओढला की चालते, सोडला की अडखळते

प्रश्न : उरुळी कांचनजवळ सोलापूर रस्त्यालगत आमची रोपवाटिका आहे. गवत कापण्यासाठी आणि रोपांची ने-आण करण्यासाठी वडिलांनी पूर्वी घेतलेला एक जुना, छोटा ट्रॅक्टर आम्ही अजून वापरतो. त्याला एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन आहे. पावसाळाभर तो शेडमध्ये उभा होता. आता चोक अर्धा ओढलेला असेतोवर इंजिन ठीक चालते; चोक सोडला की रेस आपोआप वरखाली होते, कार्बोरेटरमधून (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागातून) फटफट आवाज येतो आणि भार पडताच इंजिन बंद पडते. मेकॅनिक नवा कार्बोरेटर बसवायला सांगतात, तर शेजारी म्हणतात की पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. चोक हवेची वाट अडवतो. तो अर्धा ओढल्यावर इंजिन सुधारत असेल, तर एरवी त्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, हे उघड आहे. रिंगा झिजल्या असत्या तर इंजिनाने निळसर धूर सोडला असता, तेल खाल्ले असते आणि चोकमुळे त्याची चाल एवढी सुधारली नसती. रेस वरखाली होते ती गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग, पडलेला वेग सावरू पाहतो म्हणून. तेव्हा गव्हर्नरची स्प्रिंग ताणण्याचा मोह कृपया टाळावा.

सुरुवात टाकीपासून करावी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्या जागेत, पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची खालची वाटी उतरवावी आणि त्यातले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाहावे. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे लोळताना दिसले किंवा तांबूस गाळ बसला, तर टाकी रिकामी करून धुणे, फिल्टर बदलणे आणि कडक झालेली रबरी नळी काढून टाकणे क्रमप्राप्त आहे.

त्यानंतर जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी भाग. माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच आहे. उभ्या राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कमी रेसला पेट्रोल पुरवणाऱ्या स्लो जेटच्या बारीक छिद्रात बसतो आणि ते अरुंद करतो. जेट उजेडाकडे धरल्यावर छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे. त्यात तार किंवा सुई घालू नये, कारण पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते आणि ते पूर्ववत करता येत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणे पुरेसे असते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेरे उघडा आहे, हे मात्र लिहून ठेवावे.

जेट स्वच्छ करूनही फरक पडला नाही, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग तपासावे. इंजिन चालू असताना त्या सांध्यावर साबणाचे थोडे पाणी फवारावे. रेस बदलली, तर तिथून हवा आत शिरते आहे. हाच प्रयोग पेट्रोल फवारून करणारे लोक भेटतात. शेजारीच तापलेला सायलेन्सर असताना तसे करणे निव्वळ आत्मघातकी आहे. पॅकिंग पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधताना जुना तुकडा सोबत न्यावा. कार्बोरेटरची बैठक वाकली असेल, किंवा थ्रॉटलची दांडी ढिली होऊन तिच्या कडेने हवा शिरत असेल, तरच नव्या कार्बोरेटरचा खर्च योग्य ठरेल.

ठिणगी पाडणारा प्लग तपासणे सर्वांत सोपे. टोक पांढुरके असेल तर वरच्या निदानाला दुजोरा मिळतो, काळे असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, अशा बहुतेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.

इंजिन तापल्यानंतरच बंद पडू लागले, तर आधी टाकीचे झाकण सैल करून पाहावे, कारण त्यातले हवेचे छिद्र बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर ठिणगी त्याच क्षणी तपासावी. ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल सदोष असली, तरी थंड झाल्यावर पुन्हा व्यवस्थित काम करते आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष सापडेनासा होतो.