अम्युझमेंट पार्कच्या हॅलोविन रात्रीला १२ वर्षांच्या मुलीला न्यावं का?

तुम्ही विचारलंय की नुकतेच कॅलिफोर्नियात आलोय, मुलगी १२ वर्षांची आहे, तिच्या वर्गातली मुलं पार्कच्या हॅलोविन रात्रीला जाणार आहेत, तर आपणही जावं का आणि पैसे वसूल होतात का. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण २०२३ च्या ऑक्टोबरात अगदी हाच प्रश्न माझ्यापुढे होता. माझी लेकही तेव्हा बाराचीच. आधी उत्तर देते, मग कारण सांगते. ऑक्टोबरातल्या शनिवारी जाणार असाल तर जाऊ नका. सप्टेंबर संपता संपता, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी जमत असेल तर विचार करा.

आम्ही लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला राहतो. इथून तासा-दीड तासाच्या अंतरात अशा रात्री, म्हणजे अंधारात भुतं झालेली माणसं पाहुण्यांना घाबरवतात ते तिकिटाचे कार्यक्रम, भरवणारी बरीच पार्कं आहेत. त्यातल्या कुठल्या पार्कात गेलो होतो ते लिहीत नाही. तुम्हाला उपयोगी पडेल ते गर्दीचं गणित, पार्काचं नाव नव्हे.

तारीख २१ ऑक्टोबर, शनिवार. नवरात्राची सातवी माळ. त्याच संध्याकाळी आमच्या मंडळाचा भोंडला होता आणि माझी खिरापत दरवर्षी ठरलेली असते. पण लेकीनं महिनाभर धोशा लावला होता. माझा भाचा अ‍ॅरिझोनात एमएस करतो, तोही खास यासाठी सात तास बसमध्ये बसून आला. "मावशी, या एका गोष्टीसाठी तरी अमेरिकेत आल्यासारखं वाटेल," म्हणाला. म्हणून भोंडला सोडला. तिघांची तिकिटं मिळून २४० डॉलर, पार्किंगचे ३५ वेगळे. रांग टाळायचा पास माणशी आणखी १२० डॉलरच्या वर होता. तो घेतला नाही.

पहिला हिरमोड दारातच झाला. लेकीनं दुपारभर बसून चेहरा रंगवला होता आणि पुठ्ठ्याचा मुखवटा स्वतः कापून केला होता. दारावरच्या माणसानं सांगितलं, मुखवटा घालून आत येता येणार नाही, वेषभूषाही चालणार नाही. तसा नियम बऱ्याच पार्कांत असतो आणि त्याला कारणही आहे. आतले भुतं झालेले कर्मचारी कोण आणि पाहुणे कोण, हे सुरक्षारक्षकांना अंधारात ओळखता यायला हवं. नियम त्यांच्या वेबसाइटवर होता, मी वाचला नव्हता. तुम्ही मात्र नक्की वाचा. भाचा मुखवटा घेऊन गाडीपर्यंत परत गेला, त्यात अर्धा तास मोडला.

आत शिरल्यावर सुरुवात मात्र सुंदर होती. सात वाजून गेले होते, अंधार पडला होता, सगळ्या रस्त्यावर धूर सोडलेला. त्या धुराला एक गोडसर वास असतो. ग्लायकोल आणि पाणी तापवून तो करतात. धुरातून एक पोरगा धावत आला, गुडघ्यांवर आपटला आणि सरळ घसरत आमच्या पायांपाशी येऊन थांबला. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातू लावलेला, त्यामुळे फरशीवर ठिणग्या उडाल्या. यांना स्लायडर म्हणतात. लेकीनं किंकाळी फोडून माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसत होता. मग पोट धरून हसत सुटली. त्या घटकेला मला वाटलं, आलो ते बरं केलं.

मग आम्ही मेझच्या रांगेत लागलो.

मेझ हे नाव ऐकून चक्रव्यूह डोळ्यांसमोर येतो, पण तिथे हरवायला काही नसतं. प्लायवूडच्या भिंतींमधून जाणारी एकच वळणावळणाची वाट, दर वळणावर एक खोली, प्रत्येक खोलीत लपलेलं कुणीतरी. पाटीवर लिहिलं होतं ४५ मिनिटं. आम्हाला लागला १ तास ३५ मिनिटं. आतला सगळा प्रवास पाच मिनिटांचा.

तिसरी खोली स्वयंपाकघराची होती. भिंतींवर रक्ताचे डाग, सिंकमध्ये कापलेला हात, कोपऱ्यात जुना पिवळा फ्रिज. आमच्या पुढे माणसांची सलग रांग, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट लागलेलं. आम्ही अजून खोलीच्या दारात होतो तेव्हा फ्रिजचं दार धाडकन उघडलं, आतून एक माणूस सुरा घेऊन पुढच्या बायकांवर झेपावला. त्या ओरडल्या, पुढे सरकल्या. तो आत गेला, दार लावून घेतलं. आम्ही चार पावलं पुढे आलो, दार पुन्हा उघडलं, पुन्हा तोच झेपावला, आमच्या पुढच्या दोन मुलांवर. आणि आम्ही फ्रिजसमोर पोचलो तेव्हा दार अर्धवट लोटलेलं होतं. आत तो पोरगा बाहीनं मानेवरचा घाम पुसत होता. लेक क्षणभर तिथेच थांबली, बहुतेक वाट बघत. मागून टॉर्च घेतलेला माणूस ओरडला, "चालत राहा, चालत राहा." बाहेर आल्यावर ती रडली नाही की चिडली नाही. एवढंच विचारलं, "आई, आपल्या वेळी फ्रिज का नाही उघडला?"

याचं उत्तर मी नंतर बरेच दिवस शोधत होते. ओळखीतली एक कॉलेजची मुलगी दोन हंगाम अशा कामाला गेली होती, तिनं समजावून सांगितलं. दचकवायचं म्हणजे नेमकी वेळ साधायची. नट एका फटीतून बघत असतो. माणूस ठरलेल्या जागी आला की बटण दाबतो, दिवा लखलखतो, मोठा आवाज होतो, हवेचा झोत सुटतो आणि तो बाहेर येतो. पुन्हा लपून तयार व्हायला आठ-दहा सेकंद लागतात. माणसं लहान गटांनी, मध्ये अंतर ठेवून सोडली तर प्रत्येक गटाला तो नवा असतो. सलग रांग सोडली की तीनातल्या एकालाच धक्का बसतो. बाकीच्या दोघांना तो आधीच दिसलेला असतो किंवा दिसतच नाही.

आता गणित बघा. समजा दर अर्ध्या मिनिटाला आठ जणांचा गट सोडला. तासाला झाले ९६०. आठ मेझ आहेत आणि रात्र सहा तासांची, तर सगळे मिळून साधारण ४६ हजार जण आत जाऊन येतील. पार्कात १५ हजार माणसं असली तर माणशी तीन मेझ. त्यातही पास घेतलेले लोक मधूनच आत जातात, म्हणजे साध्या रांगेच्या वाट्याला तेवढेही नाहीत. भीती राखायची असेल तर तिकिटं कमी विकायला हवीत. तिकिटं हवी तेवढी विकायची असतील तर रांग सलग सोडायला हवी, आणि मग भीती उरत नाही. त्या शनिवारी आमच्या पार्कानं तिकिटं निवडली होती. माझा राग त्यावर आहे. त्या फ्रिजमधल्या पोरावर नाही. तो रात्रभरात शेकडो वेळा ते दार उघडत होता आणि त्याचा आवाज पार बसला होता.

दुसरा मेझ तर मिळालाच नाही. ५० मिनिटं उभं राहून आम्ही दारापासून वीसेक माणसांवर आलो आणि सांगितलं गेलं, तांत्रिक कारणानं बंद. कधी सुरू होईल सांगता येणार नाही. रांगेतल्या कुणालाही दुसऱ्या मेझसाठी चिठ्ठी नाही, काही नाही. पाहुण्यांच्या मदतीच्या खिडकीशी गेलो, तिथेही पाऊण तासाची रांग. आतल्या बाईंनी सांगितलं, ई-मेल करा. केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, त्यात आभार होते आणि पुढच्या वर्षीचं निमंत्रण होतं.

एका मेझमध्ये रांग आतच अडकली. अरुंद बोळ, धूर, पुढे-मागे माणसं, भिंत हाताला लागत होती. लेकीला गुदमरायला झालं. मी वर पाहिलं तर कोपऱ्यात बाहेर जायच्या दाराचा हिरवा दिवा दिसला आणि जीवात जीव आला. त्या दिव्यांनी वातावरण बिघडतं अशी तक्रार लोक करतात, मला ती पटत नाही. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या एका पार्कात भुताच्या वाड्याला आग लागून आठ किशोरवयीन मुलं दगावली. त्यानंतर अशा बंदिस्त करमणुकीच्या जागांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले, स्प्रिंकलर आले. तुम्ही गेलात तर आत शिरताना मुलीला तो दिवा दाखवून ठेवा आणि सांगा की घाबरायला झालं तर तिकडे वळायचं, कुठल्याही कर्मचाऱ्याला सांगायचं, तो बाहेर काढतो.

रात्री एकला पार्क बंद झालं. सहा तासांत आम्ही तीन मेझ पाहिले आणि एकाही राइडमध्ये बसलो नाही. गाडीत भाचा गप्प होता. लेक मुखवटा मांडीवर घेऊन झोपून गेली. तिकडे भोंडल्याच्या ग्रुपवर फोटो येऊन पडले होते.

तरी मी असं म्हणणार नाही की ही गोष्टच वाईट आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात पार्कातल्या हॅलोविन रात्रींची परंपरा जुनी आहे. इथल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कानं १९७३ मध्ये सुरुवात केली, तिकडे फ्लोरिडात युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कानं १९९१ मध्ये. त्यामागे मेकअपवाले, सुतार, शिवणकाम करणारे असे कसलेले लोक असतात, आणि ते काम जवळून बघण्यासारखं आहे. म्हणूनच गर्दीत वाया जाताना जास्त लागतं. तुम्हाला जायचंच असेल तर पहिल्या काही आठवड्यांतला गुरुवार धरा. हे कार्यक्रम आता सप्टेंबरातच सुरू होतात. दार उघडायच्या तासभर आधी पोचा आणि सगळे जिथे पहिल्यांदा थांबतात तो दाराजवळचा मेझ सोडून सरळ पार्काच्या मागच्या टोकाला जा. पहिल्या तासाभरात जे होईल तेच खरं, नंतर रांगा फुगतात. वयाचंही बघा. मोठ्या पार्कांच्या या रात्री १३ वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य नाहीत असं ते स्वतःच सांगतात, आणि बऱ्याच ठिकाणी १५ किंवा त्याखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय आत घेत नाहीत. वर्गातली मुलं आपली आपण जाणार आहेत असं मुलगी म्हणत असेल तर आधी तो नियम तपासा.

आम्ही पुढच्या वर्षी काय केलं तेही सांगते, कारण तुम्हाला कदाचित तेच जास्त आवडेल. २०२४ मध्ये इथे लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरला आलं. दाराशी आकाशकंदील, पायरीवर पणत्या आणि शेजारी लेकीनं कोरलेला भोपळा. चॉकलेटं मागायला आलेल्या मुलांना मी चकल्याही दिल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ दरवर्षी गॅरेजमध्ये भुताचं घर करतात. इथे असे हौशी लोक खूप आहेत. जुने पडदे, खोकी, एक दिवा, बस. ते एका वेळी चारच मुलं आत सोडतात आणि ती बाहेर येईपर्यंत पुढची सोडत नाहीत. आत खुर्चीवर पांढरी चादर घातलेला पुतळा असतो. मुलं त्याला हात लावून बघतात, काही होत नाही, पुढे जातात. शेवटचं मूल दारापाशी पोचलं की तो पुतळा उठून उभा राहतो. चादरीखाली त्या गृहस्थांची आई असते, सत्तरीच्या पुढची. लेक तीनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा तिला सगळं ठाऊक होतं, तरी ओरडली.

तुमच्या भागातही असं गॅरेज असेल. ऑक्टोबरच्या मध्यावर शेजाऱ्यांना विचारून ठेवा, आणि जाताना दोन-चार डबाबंद खाण्याचे डबे घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी तिकीट म्हणून अन्नपेढीसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थेसाठी, तेच मागतात.