नियमशास्त्र आणि सुवार्ता हा फरक जुन्या आणि नव्या कराराचाच आहे का?

तुम्ही विचारलंय की लुथरन लोक (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याच्या शिकवणीतले ख्रिस्ती) उपदेशात नियमशास्त्र (देव आपल्याकडून काय मागतो ते) आणि सुवार्ता (देव आपल्याला काय देतो ते) वेगळी ठेवा असा एवढा आग्रह का धरतात, आणि याचा अर्थ बायबलचा जुना करार म्हणजे नियम, नवा करार म्हणजे सुवार्ता, इतकाच आहे का. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. आमची मंडळी लुथरन नाही, पण पाळक बाहेरगावी असले की कधीकधी उपदेशाला मी उभा राहतो. हा भेद समजल्यापासून माझी तयारीची पद्धतच बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही रेघ दोन करारांच्या मध्ये नाही. कधीकधी ती एकाच संभाषणातून जाते. दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय काढा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलेलं असतं; नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. ती हिसकावणाऱ्या श्रीमंतावर दावीद संतापतो, तेव्हा नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. हे नियमशास्त्र. दावीद कबूल करतो, मी पाप केलं. त्यावर तोच नाथान लगेच सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. ही सुवार्ता. पापाचे परिणाम दाविदाला पुढे भोगावे लागले, पण क्षमेसाठी त्याला थांबवून ठेवलं नाही, आधी सुधारून दाखव असंही कुणी म्हटलं नाही. आणि हे सगळं जुन्या करारात! उलट डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की भावावर रागावणाराही न्यायास पात्र आहे. दहा आज्ञांपेक्षा हे नियमशास्त्र जास्त खोल कापतं, आणि ते नव्या करारात आहे.

मार्टिन लुथरला हे पुस्तकी चर्चेतून सुचलं नव्हतं. 1505 मध्ये तो एर्फुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणं, पापकबुली सगळं केलं, तरी मनाला शांती नाही. रोमकरांस पत्रातल्या ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांची त्याला चीड यायची, कारण त्यात त्याला फक्त शिक्षा करणारा देव दिसायचा. हे त्याने स्वतःच 1545 मध्ये लिहून ठेवलंय. देव हे नीतिमत्त्व मागत नाही, विश्वासाने ते देऊ करतो, हे उमगलं तेव्हा त्याची सुटका झाली. 1518 च्या हायडेलबर्गच्या वादसभेत त्याने मांडलं ते असं: नियमशास्त्र म्हणतं ‘हे कर’, आणि ते कधीच होत नाही. कृपा म्हणते ‘यावर विश्वास ठेव’, आणि सगळं आधीच झालेलं असतं.

मग नियमशास्त्र सोडूनच द्यायचं का? लुथरचाच सहकारी योहान अॅग्रिकोला साधारण त्याच दिशेने गेला. पश्चात्ताप सुवार्तेतूनच शिकवावा, नियमशास्त्रातून नको, असं त्याचं म्हणणं. 1537 पासून लुथरने त्याविरुद्ध वादसभा घेतल्या. ज्याला आपण आजारी आहोत हेच पटलेलं नाही, तो औषध कशाला घेईल? पुढे 1577 च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या लुथरन विश्वासपत्रकात या भेदाला पाचवा लेख दिला, आणि विश्वासणाऱ्यालाही आज्ञा हवीच हे सहाव्यात लिहिलं.

खरी अडचण या दोन्हींच्या सरमिसळीची आहे. लुथरन धर्मशिक्षक सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी अमेरिकेत सेंट लुइसला 1884-85 मध्ये विद्यार्थ्यांना याच विषयावर 39 संध्याकाळी व्याख्यानं दिली. लाइपझिगला शिकत असताना ते स्वतः अशा गटात होते, जिथे पुरेसं दुःख, पुरेसा पश्चात्ताप झाल्याशिवाय खरा ख्रिस्ती नाही असं मानत. त्यात ते खचत गेले होते. त्या व्याख्यानांतलं त्यांचं नववं सूत्र म्हणतं की नियमशास्त्राने घाबरलेल्या माणसाला देवाच्या वचनाकडे आणि संस्कारांकडे (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) न पाठवता त्याच्याच प्रार्थनांकडे आणि झगड्याकडे पाठवणं, ही मोठी चूक आहे.

मी ती चूक केली आहे. माझी मावशी शेवटच्या आजारात मला म्हणाली, “माझा विश्वास पुरेल का रे?” मी म्हणालो, “मावशी, मन घट्ट कर, अजून प्रार्थना कर.” तिने भिंतीकडे तोंड वळवलं. मला वाटलं होतं मी धीर दिला. प्रत्यक्षात जिच्यात हात जोडायचीही ताकद उरली नव्हती, तिच्यावर मी अजून एक ओझं टाकलं होतं.

आठवड्याने परत गेलो. या वेळी तिने काय करावं हे सांगितलंच नाही. लहानपणी झालेल्या तिच्या बाप्तिस्म्याची आठवण करून दिली, तिथे देवाने तिला शब्द दिलाय म्हणालो, आणि रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला. ‘आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला’ इथे आलो तेव्हा ती म्हणाली, “थांब, तेवढंच परत वाच.” मी परत वाचलं. त्या दुपारी तीन-चार वेळा वाचलं.