तारीख न छापलेल्या ब्रिटिश स्मॉल प्रेस (स्वतःच थोड्या प्रती काढून विकलेल्या) कॉमिकचं साल कसं ओळखायचं आणि नोंद कशी करायची?

आधी किंमत आणि फोन नंबर बघा. किंमत फक्त शिलिंगमध्ये (दशमान पद्धती येण्याआधीचं ब्रिटिश चलन) असेल तर अंक बहुधा फेब्रुवारी १९७१ च्या आधीचा. लंडनचा कोड ०१ असेल तर मे १९९० पूर्वीचा, ०७१ किंवा ०८१ असेल तर १९९० ते १९९५ मधला. मात्र झेरॉक्सवर निघणारे हे अंक मागणी येईल तशा नव्या प्रती काढून विकले जात, त्यामुळे ही खूण त्या प्रतीची असते, मूळ अंकाची असेलच असं नाही. म्हणून कव्हरच्या कागदाचा रंग, किंमत आणि पत्ता प्रत्येक प्रतीसाठी वेगळा लिहा. यादी ऑनलाइन टाकताना घरचे पत्ते मात्र झाका.

ए४ दुमडून केलेल्या ए५ अंकाची पानं ४ च्या पटीत येतात. नसतील तर एखाद्या कागदाचा अर्धा भाग फाटून गळला असावा.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये करा. अंक ठेवायला पीव्हीसी प्लास्टिकचं पाकीट अजिबात नको, टोनर (झेरॉक्सची शाई) त्याला चिकटून अक्षरं उचलली जातात, पॉलिस्टर घ्या. गंजलेली स्टेपलरची पिन ओढू नका, मधल्या पानावरचे तिचे दुमडलेले पाय बोथट पात्याने सरळ करून मग बाहेरून काढा.