झूम लांबचा की सेन्सर मोठा?

प्रश्न : माझं गाव वेंगुर्ले तालुक्यात. जत्रेतली दशावतारी नाटकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करून ठेवायची आहेत. मधल्या दिवसांत लग्नाची कामंही घेईन. पॅनासॉनिकचा एचसी-एक्स1500 आणि सोनीचा पीएक्सडब्ल्यू-झेड90 या दोन व्हिडिओ कॅमेऱ्यांत अडकलो आहे. भाचा म्हणतो, दोन्ही सोडा आणि सोनीचा एफएक्स30 घ्या. काय करू?

उत्तर : भाच्याला आधी विचारा, पहाटे साडेचारला जत्रेत कॅमेऱ्यामागे कधी उभा राहिलाय का. एफएक्स30 वाईट नाही. चित्र तर या तिघांत त्याचंच देखणं. पण त्याला लेन्स वेगळी लागते. अंधारात चालेल आणि लांबचंही जवळ आणेल अशी लेन्स घ्यायला गेलात, तर कॅमेऱ्याच्या पैशात आणखी तेवढेच घालावे लागतील. शिवाय फोटोच्या बहुतेक लेन्सांचा झूम फिरवला की फोकस थोडा सरकतो. लग्नात ते खपतं. राजपार्ट, म्हणजे राजाचं काम करणारा नट, तलवार उपसतोय आणि चित्र धूसर झालं, तर नाटक कंपनीवाले तुम्हाला सोडणार नाहीत.

माझीच गोष्ट सांगतो. माझी बरीच वर्षं सोनीच्या पीडी-170 या टेपवाल्या कॅमेऱ्यावर गेली. 60 मिनिटांची टेप त्याच्या डीव्हीकॅम या रेकॉर्डिंग पद्धतीत 40 मिनिटांत संपायची, म्हणून हात सतत नव्या टेपवर असायचा. व्हिडिओही घेणारे फोटोचे कॅमेरे, डीएसएलआर, आले, तसा मीही एक उसना घेऊन जत्रेला गेलो. त्या पिढीचे पुष्कळ कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप थांबवत. अर्धा तास सलग चित्रण करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर वेगळी जकात लागे, त्यातून आलेली ही मर्यादा. मला कुठलं ठाऊक! राक्षस पडला तेव्हा माझा कॅमेरा कधीचाच झोपला होता. सकाळी चहाच्या टपरीवर राक्षसाचं काम करणारे मामा पुढ्यात उभे : "रे, माझां मराण खंय गेलां?" नव्या कॅमेऱ्यांना ही अट फारशी उरलेली नाही, पण तेव्हापासून रेकॉर्डिंगचा लाल दिवा बघितल्याशिवाय मी झांजेकडे कान देत नाही.

आता तुमचे दोन. झेड90चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चकती, एक इंची, एक्स1500चा 1/2.5 इंची, क्षेत्रफळात चौपटीहून जास्त फरक. एवढं वाचून लोक पॅनासॉनिकला नाक मुरडतात. पण लेन्सही बघा. झूम न ताणता, रुंद बाजूला पॅनासॉनिक एफ1.8 ला उघडते, सोनी 2.8 ला; हा आकडा लहान तितका उजेड जास्त. म्हणजे सेन्सरात गेलेलं बरंचसं तिथे परत मिळतं. लांबच्या टोकाला मात्र 4.0 आणि 4.5, तिथे सोनीचं चित्र स्वच्छ, हे कबूल.

पण तुम्ही उभे कुठे राहणार? पुढे बायका-मुलं बसलेली, मध्ये ट्रायपॉड लावलात तर मागून "खाली बस" सुरू होणार. मग कॅमेरा जातो मंडपाच्या मागच्या खांबाशी, रंगमंचापासून साधारण 15 मीटरवर. सोनीचा 12 पट झूम पूर्ण ताणला की तिथून नट कमरेपासून वर दिसतो. पॅनासॉनिकचा 24 पट ताणला की चेहरा आणि खांदे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ऐनवेळी रचतो. समोरच्याने टाकलेल्या कोटीवर त्याच्या डोळ्यांत काय चमकलं, ते मला दिसायला हवं. म्हणून तुमच्या कामाला मी पॅनासॉनिक म्हणेन. लग्नंच जास्त असती तर सोनी सुचवला असता, त्याचा ऑटोफोकस माणूस चालत आला तरी हातचा सोडत नाही.

एक्स1500 घेताना एक गोष्ट विसरू नका. एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या व्यावसायिक माइकच्या जागा त्याच्या हँडल युनिटवर असतात आणि ते वेगळं विकत घ्यावं लागतं. हँडलसकट हवा असेल तर एक्स2000. हे टाळून पैसे वाचवू नका, कारण आवाज बिघडला तर नाटक गेलं. एका चॅनेलवर माइकवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्या, दुसऱ्यावर स्वतःचा माइक. मिक्सरच्या वायरीला कॅमेऱ्याचं बटण 'लाइन'वर हवं. 'माइक'वर राहिलं तर पेटीचा पहिला सूरच फाटतो. त्या चॅनेलचा 48 व्होल्टही, म्हणजे कॅमेऱ्यातून माइकला जाणारी वीज, बंद ठेवा.

उजेडाचं ऑटो बंद. दशावतारातला राक्षस संकासुर काळ्या वेषात आला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला, तो उजेड वाढवतो आणि शेजारच्या भटजींचा चेहरा पांढराफटक होतो. शटर 1/50 सेकंदाला, आपली वीज 50 हर्ट्झची, 1/60 ला दिव्यांचे पट्टे पडतात. कार्डांचा हिशेब : सेकंदाला 100 मेगाबिटने 4के घेतलं तर तासाला 45 जीबी, सहा तासांना 270. दोन्ही खाचांत कार्डं घाला आणि एक भरलं की दुसरं सुरू होईल असं लावून ठेवा. जनरेटरच्या विजेवर विसंबू नका, भरलेल्या बॅटऱ्या खिशात ठेवा.

प्रश्न : पावसाळा सरला आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसू लागले. घरी पुसता येतील का? (देवगड)

उत्तर : नाही. ती बुरशी आहे आणि आतल्या काचेवर आहे. लेन्स उघडणाऱ्याकडेच द्या, तीही लवकर. जुनी झाली की काचेवरचा लेप खाते आणि डाग राहतो. पुढच्या मृगाआधी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर आणा. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेच्या तव्यावर वाळवून परत घाला. तांदूळ नको, त्याची पूड आत जाते. आणि कॅमेरा त्याच्या बॅगेत ठेवू नका. आतला फोम ओल धरतो, माझ्या दोन लेन्सा तशाच गेल्या.