मेकॅनिकल डिप्लोमा करून सोलापूरच्या मुलाला समुद्रतळावरच्या गॅसविहिरींच्या कामात जाता येईल का? आमच्याकडे तर समुद्रच नाही. कोणता कोर्स करावा?

येईल. मी सोलापूरच्याच अशोक चौकातून या कामात गेलोय. 'आमच्याकडे तर समुद्रच नाही' हे तुमचं वाक्य आधी डोक्यातून काढा. आंध्रातल्या काकिनाड्यासमोरच्या समुद्रात केजी-डी६ हे गॅसक्षेत्र आहे; त्यातलं आर क्लस्टर, म्हणजे विहिरींचा एक गट, २००० मीटरहून खोल पाण्यात आहे, डिसेंबर २०२० पासून तिथून गॅस येतोय. तिथं माणूस उतरतच नाही. व्हॉल्व्ह फिरतो तो अंबिलिकलमधून, म्हणजे वरून खाली जाणाऱ्या नळ्या-तारांच्या जाड केबलमधून, येणाऱ्या फ्लुइडच्या दाबावर, नाहीतर आरओव्हीनं, म्हणजे वरून चालवायच्या पाण्याखालच्या रोबोनं. जी काही काळजी घ्यायची ती जमिनीवर, शेडमध्येच.

मी असेंब्ली-टेस्टिंगला होतो. एका ख्रिसमस ट्रीची (विहिरीच्या तोंडावर बसणारा व्हॉल्व्हचा संच) कंट्रोल लाइन जोडायच्या आधी फिटिंगमध्ये टॉर्च मारला, तर आत पांढरा तंतू चिकटलेला. अर्धा इंच असेल, टोकाला पीळ सुटलेला. वडिलांनी ३० वर्षं यंत्रमाग चालवला, सूत मी अंधारातही ओळखेन. कुणीतरी कॉटन वेस्टनं पुसलं होतं. मी म्हणालो, फ्लशिंग परत करा, म्हणजे लाइनमधून फ्लुइड फिरवून आतली घाण धुवून काढा. सुपरवायझर म्हणाले, "एका धाग्यानं काय होतंय? इथं चादरी विणायच्या नाहीत. सही कर."

नाही केली. फ्लशिंगला दीड दिवस गेला आणि पुढच्या महिन्यात मला त्या कामावरून काढलं.

काय होतंय ते आज सांगतो. ट्रीचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या पेटीत, म्हणजे कंट्रोल मॉड्यूलमध्ये, छोटे व्हॉल्व्ह असतात; त्यांचा स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि बोअर (तो सरकतो ते भोक) यांच्यात फट असते काही मायक्रॉनची. कापसाचा तंतू साधारण १५ मायक्रॉन जाड. तो तिथं अडकला की स्पूल अर्ध्यातच थांबणार. मग जहाज मागवा, आरओव्ही सोडा, अख्खं मॉड्यूल वर काढून बदला. म्हणून तर फ्लुइडची सफाई एनएएस १६३८ क्लास ६ ची मागतात; फ्लुइडमध्ये किती कण चालतील ते ठरवणारं हे मानक. चादरी विणणाऱ्याच्या पोराला हे कळलं होतं, साहेब. तुम्हाला कळायला हवं होतं.

हां, कोर्स. महागड्या 'सबसी' (समुद्रतळावरच्या कामाच्या) सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. ड्रॉइंग वाचायला शिका, हायड्रॉलिक्स पक्कं करा, एनडीटी (वस्तू न तोडता तिची तपासणी) लेव्हल २ करा. सोलापूरच्या पूर्व भागातले असाल तर तेलुगू येतच असेल, काकिनाड्यात मला तिनं फार हात दिला.

एक मात्र आहे, नोकरी प्रोजेक्टपुरती असते. मधले चार-सहा महिने मी घरीच बसून काढलेत. घरावर हप्ते चालू असतील तर आधी घरच्यांशी बोला.